डेटा देशातच ठेवला, तरी परदेशी सरकारला तो मागता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेचा सगळा डेटा देशातल्याच क्लाउड रिजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या इथल्या डेटा सेंटरच्या समूहात) आहे, स्थानिक साठवणुकीची कायदेशीर अट पूर्ण झाली आहे, ऑडिटमध्येही काही निघालं नाही. क्लाउड कंपनी मात्र अमेरिकन आहे. मग अमेरिकेचं किंवा आणखी कुठलं सरकार हा डेटा मिळवू शकतं का? आणि मिळवू शकत असेल तर सगळं उचलून देशी कंपनीकडे न्यावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो, म्हणून त्याच्याकडे सावकाश येऊ.

क्लाउड करार वाचणं आणि डेटा प्रत्यक्षात कुठून कुठे जातो ते शोधणं हे माझं रोजचं काम. त्यात एक गैरसमज सारखा भेटतो: सर्व्हर ज्या जमिनीवर उभा आहे तिथला कायदा लागू झाला की बाकीचे सगळे कायदे बाद. तिथला कायदा लागू होतो हे बरोबर, पण तो एकटाच लागू होतो असं मुळीच नाही. तपासयंत्रणा सर्व्हर शोधत बसत नाही. हुकूम कोणावर बजावता येईल, एवढंच ती बघते. तुमच्या डेटापर्यंत जिचा हात पोचतो अशी कंपनी त्या यंत्रणेच्या देशातल्या न्यायालयाच्या कक्षेत असेल, तर डिस्क कोणत्या खंडात आहे याला फारसं महत्त्व उरत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते डब्लिनच्या प्रकरणात. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका फेडरल मॅजिस्ट्रेटने अमली पदार्थांच्या तपासात मायक्रोसॉफ्टवर वॉरंट काढलं. एका खात्याच्या ईमेल हव्या होत्या. खात्याची जी माहिती अमेरिकेतल्या सर्व्हरवर होती ती कंपनीने दिली. ईमेलचा मजकूर मात्र आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या डेटा सेंटरमध्ये होता आणि तो द्यायला तिने नकार दिला. अमेरिकन वॉरंट आयर्लंडमध्ये चालत नाही, आयरिश सरकारकडे रीतसर मागणी करा, असं तिचं म्हणणं. सरकारी वकिलांचा युक्तिवाद असा की आम्ही डब्लिनला कोणालाच पाठवत नाही आहोत. तुमचा अमेरिकेतला कर्मचारी स्वतःच्या खुर्चीत बसून ती मेल उतरवून घेऊ शकतो, मग परदेशाचा संबंध आला कुठे?

यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ती मेल डब्लिनला गेलीच का? कारण खातं उघडताना वापरकर्त्याने जो देश भरला, त्यावरून कंपनी साठवणुकीची जागा ठरवत होती. तो देश खरा आहे की नाही हे कोणी तपासत नव्हतं. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या कोणीही यादीतून आयर्लंड निवडला असता, तर त्याची मेल परदेशी झाली असती. असल्या पायावर कुठलाही कायदा फार काळ उभा राहणार नव्हता.

तरीही जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या बाजूने निकाल दिला. साठवलेल्या ईमेल-संदेशांबाबतचा १९८६ चा स्टोअर्ड कम्युनिकेशन्स ॲक्ट देशाबाहेर लागू करावा असं अमेरिकन काँग्रेसने कुठेही म्हटलेलं नाही, हे त्यामागचं कारण. बऱ्याच जणांनी त्या निकालावर आपली क्लाउडची धोरणं बेतली. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका मॅजिस्ट्रेटने गूगलच्या बाबतीत नेमका उलटा निर्णय दिला. गूगलची यंत्रणा एकाच फाइलचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते आणि सोयीनुसार ते आपोआप हलवते. आज एका देशात असलेला तुकडा उद्या दुसरीकडे असू शकतो. मग रीतसर मागणी पाठवायची तरी कोणत्या देशाला?

सर्वोच्च न्यायालयात मायक्रोसॉफ्टच्या खटल्याची सुनावणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, पण निकाल लागायच्या आतच विषय संपला. मार्च २०१८ मध्ये दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चाच्या विधेयकात क्लाउड ॲक्ट नावाचा छोटा कायदा घालून तो मंजूर झाला. त्याचं मर्म एका वाक्यात येतं: सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात, अखत्यारीत किंवा नियंत्रणात असलेला डेटा तिने द्यायचा, मग तो अमेरिकेत असो वा बाहेर. एप्रिलमध्ये जुना खटला निकाली काढण्यात आला आणि सरकारने नवं वॉरंट घेतलं.

या कायद्याविषयी दोन्ही बाजूंनी बरंच काही पसरवलं जातं, त्यातलं थोडं निस्तरतो. तो अमेरिकन सरकारला तुमच्या डेटाबेसमध्ये थेट शिरायची परवानगी देत नाही. मजकूर हवा असेल तर न्यायाधीशासमोर ठोस कारण मांडून वॉरंट घ्यावं लागतं. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, तोडून द्या अशी सक्तीही या कायद्यातून येत नाही, हे पुढे कामाला येणार आहे. उलट बाजूने पाहिलं तर तो फक्त अमेरिकन कंपन्यांपुरता नाही. अमेरिकेत पुरेसा व्यवसाय असणारी युरोपियन किंवा आशियाई कंपनीही त्याच्या कक्षेत येऊ शकते. आणि आमच्या देशातला कायदा मोडतो म्हणून हुकूम रद्द करा, अशी मागणी करायचा जो खास मार्ग या कायद्यात आहे, तो अमेरिकेशी वेगळा करार केलेल्या देशांच्या बाबतीतच खुला आहे. ब्रिटनचा असा करार २०२२ मध्ये लागू झाला, ऑस्ट्रेलियाचा २०२४ मध्ये. इतर देशांसाठी न्यायालयाच्या तारतम्यावर सोडलेला जुना, बेभरवशाचा रस्ता आहे.

हे सगळं ऐकून अमेरिकेवर राग येणं साहजिक आहे, पण हाच विचार सगळीकडे चालतो. बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये याहूला ४४,००० युरोंचा दंड कायम केला. तिथल्या तपासयंत्रणेने मागितलेली ग्राहकांची माहिती कंपनीने दिली नव्हती आणि बेल्जियममध्ये याहूचं साधं कार्यालयसुद्धा नव्हतं. तिथल्या लोकांना सेवा देता, जाहिराती दाखवता, म्हणजे तुम्ही इथेच आहात, असा न्यायालयाचा सूर. युरोपीय संघाने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यांबद्दल जे नियम केले, त्यातही डेटा कुठे साठवला आहे याची पर्वा न करता सेवा पुरवठादाराकडून तो मागवायची सोय आहे. त्या नियमांच्या अंमलासाठी ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरली. कॅनडाच्या पोलिसांनी फ्रान्सच्या ओव्हीएच या क्लाउड कंपनीकडे युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरवरची ग्राहकांची माहिती मागितली आणि फ्रान्सचा कायदा ती द्यायच्या आड येतो, अशा कात्रीत ती कंपनी सापडली. म्हणजे ‘युरोपियन कंपनी घ्या, सुटाल’ हा सल्लाही अर्धाच.

यंत्रणांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. एका देशाने दुसऱ्या देशाकडे पुरावा मागायचा जुना मार्ग म्हणजे परस्पर कायदेविषयक साहाय्याचे करार. एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या पाळतीची गुपितं फोडल्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने २०१३ मध्ये नोंदवलं होतं की अमेरिकेकडे आलेल्या अशा विनंतीला उत्तर मिळायला सरासरी सुमारे १० महिने लागतात. तेवढ्या काळात लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, पुसले जातात आणि आरोपी तीन वेळा फोन बदलतो. यंत्रणांनी आडवाट शोधली यात नवल नाही.

आता वॉरंटचा रस्ता बाजूला ठेवू, कारण मला जास्त काळजी गुप्तचर यंत्रणांच्या रस्त्याची वाटते. वॉरंटमध्ये निदान एक न्यायाधीश असतो, एक संशयित असतो, एक खातं असतं. परराष्ट्रीय गुप्तवार्तेसाठीच्या पाळतीबाबतचा अमेरिकेचा फिसा कायदा, त्याचं कलम ७०२ हे २००८ पासून आहे. अमेरिकन नागरिक वा रहिवासी नसलेल्या आणि अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तींवर परराष्ट्रीय गुप्तवार्तेसाठी पाळत ठेवायला ते मुभा देतं. न्यायालय दर वर्षी कार्यक्रमाची चौकट मंजूर करतं, प्रत्येक लक्ष्य वेगळं तपासत नाही. कंपन्यांना निर्देश जातात आणि ते गुप्त असतात. २०१३ मध्ये बाहेर आलेला, इंटरनेट कंपन्यांकडून डेटा घेणारा प्रिझम कार्यक्रम याच कलमाखाली चालत होता. एप्रिल २०२४ च्या नूतनीकरणात कोणाकोणावर असा निर्देश बजावता येईल याची व्याख्या आणखी रुंद झाली. तुम्ही अमेरिकेबाहेरचे नागरिक असाल, तर अमेरिकन राज्यघटनेतलं झडतीविरोधी संरक्षण तुमच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही.

युरोपचं न्यायालय आणि अमेरिका यांच्यातलं भांडण पेटलं ते याच कलमामुळे. ऑस्ट्रियाचे मॅक्स श्रेम्स यांनी फेसबुकविरुद्ध केलेल्या तक्रारीतून आधी ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपातला वैयक्तिक डेटा अमेरिकेत पाठवायला मुभा देणारा सेफ हार्बर करार रद्द झाला, मग जुलै २०२० मध्ये त्याच्या जागी आलेली प्रायव्हसी शील्डही गेली. तिसरी चौकट जुलै २०२३ मध्ये आली. युरोपच्या जनरल कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती उचलून धरली असली, तरी ती ज्या अध्यक्षीय आदेशावर उभी आहे तो पुढचा अध्यक्ष एका सहीने बदलू शकतो. दहा वर्षांच्या करारासाठी मी या चौकटीवर भिस्त ठेवणार नाही. मे २०२३ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिला डेटा अमेरिकेत पाठवल्याबद्दल १२० कोटी युरोंचा दंड झाला, यावरून पैशांचा अंदाज येईल.

कंपन्या स्वतः काय म्हणतात? जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीने मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं: फ्रेंच नागरिकांचा तुमच्याकडचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेच्या हुकमावरून दिला जाणार नाही, याची हमी देता का? उत्तर आलं, नाही, तशी हमी देता येत नाही. आजवर असं घडलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. तुमच्या विक्रेत्याचा प्रतिनिधी याहून गोड उत्तर देत असेल, तर ते लेखी मागा.

मग स्थानिक साठवणुकीचे कायदे कशासाठी केले जातात? बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख परक्या सरकारला अडवण्यापेक्षा आपल्या सरकारचा हात पोचवण्यावर असतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात पेमेंट व्यवहारांचा डेटा देशातच साठवायला सांगितला. त्यात कारण स्वच्छ लिहिलं आहे: देखरेखीसाठी या डेटापर्यंत विनाअडथळा पोचता यावं. ती अट पाळली नाही म्हणून २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि नंतर मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली. नियामकाची ती गरज रास्त आहे. पण त्या परिपत्रकाने मास्टरकार्डवर अमेरिकन न्यायालयाचा जो अधिकार आहे तो तसूभरही कमी झाला नाही, आणि तसा दावाही कोणी केला नव्हता. भारताचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर सरसकट देशात साठवायला सांगतच नाही. सरकार ज्या देशांची नावं जाहीर करेल तिथे पाठवू नका, एवढीच त्याची मूळ रीत आहे.

रशियात १ सप्टेंबर २०१५ पासून नागरिकांचा वैयक्तिक डेटा देशातल्या सर्व्हरवर ठेवणं सक्तीचं झालं. ते न केल्यामुळे नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे लिंक्डइन बंद करण्यात आलं. चीनचं उदाहरण जास्त बारकाईने बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲपलने चिनी ग्राहकांचा आयक्लाउड डेटा गुइझोऊ प्रांतातल्या सरकारी पाठबळाच्या कंपनीकडे सोपवला. माझ्या दृष्टीने डेटापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी घडली: त्या डेटाच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्याही चीनमध्ये गेल्या. आधी त्या अमेरिकेत असल्यामुळे चिनी यंत्रणेला अमेरिकन न्यायालयाच्या दारातून जावं लागत होतं. नंतर घरचाच कायदा पुरेसा झाला. एखाद्या पत्रकाराच्या किंवा विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याच्या डेटाला खरा धोका कोणत्या सरकारचा आहे हे ठरवल्याशिवाय ‘डेटा देशातच हवा’ म्हणणं घाईचं आहे.

साठवणुकीची सक्ती कधी अंगाशीही येते. युक्रेनच्या कायद्यानुसार सरकारचा महत्त्वाचा डेटा देशातल्याच सर्व्हरवर असायला हवा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये, आक्रमणाच्या जेमतेम आठवडाभर आधी, तिथल्या संसदेने तो बाहेरच्या क्लाउडवर न्यायची परवानगी दिली आणि मग जमिनीच्या नोंदींपासून कराच्या नोंदींपर्यंत सगळं घाईघाईने देशाबाहेर हलवावं लागलं. एस्टोनियाने ही भीती आधीच ओळखली होती. २०१७ मध्ये तिने लक्झेंबर्गशी करार करून तिथे ‘डेटा दूतावास’ उभारला. डेटा सेंटर परक्या भूमीवर, पण दूतावासासारखी अभेद्यता करारातून मिळालेली. छोट्या देशाने केलेली ही मांडणी मला या सगळ्या विषयातली सर्वात चतुर गोष्ट वाटते. पण ती दोन सरकारांनाच जमते, तुमच्या-माझ्या संस्थेला नाही.

आता उपायांकडे. कायद्याने सुटत नाही तो भाग गणिताने सुटतो का? काही प्रमाणात, हो. कंपनी जे वाचूच शकत नाही ते ती कोणालाही वाचता येईल अशा रूपात देऊ शकत नाही. हुकूम पाळून ती फार तर एन्क्रिप्ट केलेला गठ्ठा सोपवेल. म्हणून खरा प्रश्न किल्लीचा, आणि इथेच विक्रीच्या सादरीकरणांमध्ये सर्वाधिक धूळफेक चालते.

‘तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ या वाक्याचा सहसा अर्थ असतो की डिस्क चोरीला गेली तर चोराच्या हाती काही लागणार नाही. किल्ली कंपनीचीच असते. पुढची पायरी ‘तुमची किल्ली, तुमचं नियंत्रण’. तुम्ही किल्ली तयार करून कंपनीच्या किल्ली-व्यवस्थापन सेवेत ठेवता. लॉग नीट मिळतात, किल्ली केव्हाही बंद करता येते, ऑडिटर खूश होतो. पण ती किल्ली वापरणारी यंत्रणा कंपनीच चालवते, त्यामुळे परदेशी हुकमाच्या बाबतीत फरक थोडाच पडतो. फरक पडतो तो किल्ली कंपनीच्या बाहेर, तुमच्या स्वतःच्या यंत्रात राहिली तर. ॲमेझॉनने २०२२ च्या अखेरीस तशी सोय दिली, गूगलकडेही बाहेरची किल्ली जोडता येते. गूगलची यंत्रणा प्रत्येक वेळी किल्ली का मागते आहे याचं कारण कळवते आणि त्यावरून तुम्ही नकार देऊ शकता. याहून पक्कं म्हणजे डेटा तुमच्याकडून निघण्याआधीच एन्क्रिप्ट करणं.

यालाही मर्यादा आहे, आणि ती युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने जून २०२१ मध्ये पक्क्या केलेल्या शिफारशींमध्ये अगदी निर्भीडपणे मांडली आहे. बॅकअप किंवा अभिलेख नुसता साठवायचा असेल आणि किल्ली तुमच्याच हाती असेल, तर उपाय पुरेसा. पण क्लाउडला तोच डेटा उघडून त्यावर काम करायचं असेल, तर पुरेसा ठरेल असा कोणताही तांत्रिक उपाय मंडळाला कल्पिता आला नाही. तुमचा मेलबॉक्स, पगाराची प्रणाली, शोध, अहवाल, भाषांतर, एआयचं कोणतंही साधन: या सगळ्यांना डेटा उघडाच लागतो. प्रक्रिया चालू असतानाही मेमरी एन्क्रिप्टेड ठेवणारं कॉन्फिडेन्शियल कम्प्युटिंग हे अंतर कमी करतं आहे. मात्र त्यातला विश्वास शेवटी प्रोसेसर बनवणाऱ्यांवर जातो आणि इंटेल, एएमडी दोन्ही कुठल्या आहेत हे वेगळं सांगायला नको.

‘सार्वभौम क्लाउड’ या नव्या मालाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विक्रेता सांगणारच. त्याचा एक जुना प्रयोग लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जर्मनीत विश्वस्ताची योजना जाहीर केली. डेटा सेंटर फ्रँकफर्ट आणि मागडेबुर्गला, आणि ताबा डॉइश टेलिकॉम या जर्मन दूरसंचार कंपनीच्या टी-सिस्टिम्सकडे. विश्वस्ताच्या परवानगीशिवाय मायक्रोसॉफ्टला ग्राहकाच्या डेटाला हात लावता येत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ही रचना मी पाहिलेल्यांत सर्वात भक्कम होती. पण ती महाग होती, जगभरच्या क्लाउडपासून तुटलेली होती आणि नव्या सुविधा तिथे उशिरा येत. २०१८ मध्ये नवे ग्राहक घेणं थांबलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती बंद झाली. लोकांना सार्वभौमत्व हवं असतं, पण त्यासाठी जास्तीचे पैसे आणि कमी सुविधा नको असतात. म्हणून आजच्या प्रत्येक नव्या योजनेला मी एकच विचारतो: चालवणाऱ्या कंपनीची मालकी कोणाची, आणि अमेरिकेतली पालक कंपनी उद्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून काय बदलू शकते? नुसती स्थानिक उपकंपनी काढून भागत नाही. पालक कंपनीचं नियंत्रण असेल तर मामला पुन्हा ‘ताबा, अखत्यार किंवा नियंत्रण’ या शब्दांवर येतो.

तुमच्या ऑडिटमध्ये बहुधा न तपासलेल्या काही जागा सांगतो. रिजन निवडला की मुख्य डेटा तिथे राहतो, पण वापराचे लॉग, बिलिंग, खात्यांची नावं, सपोर्टच्या तिकिटांना जोडलेली चित्रं हे सगळं तिथेच राहील असं करारात अनेकदा नसतं. रात्रीचा सपोर्ट दुसऱ्या खंडातून दिला जातो, आणि तिथला अभियंता पडद्यावर डेटा बघतो तेव्हा तो परदेशात गेलाच. ॲमेझॉनच्या नेहमीच्या क्लाउडमध्ये कोणाला काय परवानगी आहे हे ठरवणाऱ्या सेवेचं मुख्य नियंत्रण उत्तर व्हर्जिनियात असतं, तुमचा रिजन कुठलाही असो. २० ऑक्टोबर २०२५ ला तिथे बिघाड झाला तेव्हा दूरदूरच्या ग्राहकांनाही त्याचे चटके बसले. एआयच्या सुविधांमध्ये विनंती गर्दीनुसार दुसऱ्या रिजनमध्ये जाण्याची रचना असते, ती बंद करता येते का ते बघा. आणि मायक्रोसॉफ्टच्या कस्टमर लॉकबॉक्सवर, म्हणजे डेटा बघण्याआधी तुमची मंजुरी घेणाऱ्या सोयीवर, विसंबून असाल तर त्यांचंच दस्तावेजीकरण वाचा: सपोर्टच्या अभियंत्याला तुमची मंजुरी लागते, पण बाहेरून आलेल्या कायदेशीर मागणीच्या वेळी ही मंजुरीची पायरी येत नाही.

तर देशी कंपनीकडे जावं का? आधी तुमच्या डेटात रस कोणाला आहे ते ठरवा. पुरवठादारांची बिलं आणि कर्मचाऱ्यांची हजेरी यासाठी कोणतीही परदेशी गुप्तचर यंत्रणा झोप मोडणार नाही. गुन्ह्याच्या तपासाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या न्याय खात्याने डिसेंबर २०१७ मध्येच आपल्या वकिलांना सांगितलं आहे की संस्थेचा डेटा हवा असेल तर शक्यतो आधी संस्थेकडेच मागा, क्लाउड कंपनीकडे नको. अशा डेटासाठी कंपनी बदलून तुम्ही कमी शक्यतेचा परदेशी धोका टाळाल आणि कदाचित सुरक्षेच्या दुरुस्त्या (पॅच) वेळेवर न लावणारा, कमी मनुष्यबळाचा पुरवठादार गळ्यात घ्याल. माझ्या अनुभवात गळती होते ती बहुतेक वेळा उघड्या राहिलेल्या बकेटमुळे, म्हणजे क्लाउडमधल्या साठवणुकीच्या कप्प्यामुळे, आणि चोरीच्या पासवर्डमुळे.

संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, वाटाघाटी, संशोधनाची गुपितं, पत्रकारांचे स्रोत, निवडणूक यंत्रणा: इथे मात्र माझं मत बदलतं. हा डेटा परक्या नियंत्रणाच्या कंपनीकडे उघड्या रूपात नसावा. बाहेरच्या किल्लीने एन्क्रिप्ट करून साठवा, आणि प्रक्रिया स्वतःच्या किंवा खऱ्या अर्थाने स्वतंत्र मालकीच्या यंत्रणेवर करा. सगळी संस्था हलवण्यापेक्षा हा छोटा हिस्सा वेगळा काढणं स्वस्तही पडतं.

आणखी एक जोखीम वेगळी मोजा. डेटा कोणी वाचेल याहून, सेवा अचानक थांबेल ही शक्यता काही संस्थांना जास्त आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर भारतातल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. तिथे कोणी डेटा मागितला नव्हता, पण स्वतःचीच मेल उघडेना. बाहेर ठेवलेली किल्ली अशा वेळी काही कामाची नाही. कामाला येते ती दुसऱ्या पुरवठादाराकडे असलेली, नियमित ताजी होणारी आणि उघडून पाहिलेली प्रत.

करारात काय मागावं हे शेवटी, कारण ते लवकर संपतं. सरकारी मागणी आल्यास कंपनीने आधी ती तुमच्याकडे वळवावी, कायद्याने मनाई नसेल तर तुम्हाला कळवावं, आधार असेल तिथे न्यायालयात हरकत घ्यावी आणि द्यावंच लागलं तर कमीत कमी द्यावं. मोठ्या कंपन्या हे बहुधा मान्य करतात. ‘कायद्याने मनाई नसेल तर’ या शब्दांना काट मारता येणार नाही, कारण अमेरिकन न्यायालय गुप्ततेचा आदेश देऊ शकतं आणि तो मोडायला कोणतीही कंपनी तयार होणार नाही. उपकंत्राटदारांची यादी आणि सपोर्ट कोणत्या देशांतून मिळतो ते परिशिष्टात नावानिशी घ्या.

आणि बाहेरच्या किल्लीचे जास्तीचे पैसे मोजणार असाल, तर सही करण्याआधी एक चाचणी करा. प्रायोगिक खात्यात खऱ्यासारखा डेटा भरा, किल्ली बंद करा, काही सेवा किल्ली थोडा काळ मेमरीत धरून ठेवतात तेवढा वेळ जाऊ द्या, मग शोध, पूर्वावलोकन, अहवाल, निर्यात असं एकेक करून बघा. जी सेवा त्यानंतरही तुम्हाला मजकूर दाखवते, तिच्याकडे वाचता येण्याजोगी प्रत कुठेतरी शिल्लक आहे. ती कुठे आहे याचं लेखी उत्तर आल्याशिवाय पुढच्या बैठकीला बसू नका.